धरणाखालची नर्मदा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होते, त्यांनी आमच्या पिढीला भूगोल शिकविला. दरवर्षी हिवाळ्यात ते नववीच्या मुलांना डभोईमार्गे अरुंद मापाच्या आगगाडीने चांदोदला नेत. ओरसंग आणि नर्मदा यांच्या संगमावर उभे करून दोन्ही नद्यांच्या पाण्यात हात घालावयास सांगत आणि कोणते पाणी गार, कोणते गढूळ, कोणते संथ, हे वहीत लिहून घेत. नदीचे वर्णन करावयाचे तर पाणी किती, एवढे सांगून भागत नाही. ते कसे आहे, कोठून आले आणि केव्हा आले हेही सांगावे लागते, असा त्यांचा आग्रह असे. आजचा विषय त्या आग्रहाला धरूनच निवडला आहे.

वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांची नर्मदा म्हणजे मुख्यतः गरुडेश्वर, चांदोद, नारेश्वर येथील नर्मदा. माणगावहून निघालेले श्रीवासुदेवानंद सरस्वती १९१४ साली गरुडेश्वरी समाधिस्थ झाले, तेव्हापासून तर हा घाट आपल्या घरचाच झाला आहे. हे सारे टप्पे आज सरदार सरोवराच्या खाली येतात. तेथून पुढे भरूच, भाडभूत आणि खंभातचे आखात. धरणाच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतचे हे अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. आज मी बोलणार आहे ते या १६० किलोमीटरांतील पाण्याविषयी आणि त्यातील माशांविषयी.

या धरणावर गेल्या चार दशकांत पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. विस्थापन, उंची, खर्च, सिंचनाचा लाभ हे त्या वादाचे विषय होते आणि ते लहान नव्हते. एकट्या महाराष्ट्रातील ३३ गावांना बुडिताची झळ पोहोचली. पण त्या वादात भिंत बांधावी की नाही, किती उंच बांधावी, याचीच चर्चा झाली. ५ एप्रिल १९६१ रोजी जिची कोनशिला बसली ती भिंत आता पूर्ण उभी आहे. जून २०१७ मध्ये तिचे दरवाजे मिटले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरला. यापुढे खालच्या नदीचे भवितव्य भिंतीपेक्षा तिच्या दरवाजांच्या आणि टर्बाइनांच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. पाणी केव्हा सोडावयाचे, किती सोडावयाचे आणि जलाशयाच्या कोणत्या खोलीवरून सोडावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे जसजशी बदलतील तसतशी नदी बदलेल. भिंत बदलता येत नाही. वेळापत्रक बदलता येते.

प्रथम पाण्याच्या वाटा समजून घेऊ. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या अंतिम निवाड्यात वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले आणि त्याची वाटणी केली : मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५ आणि महाराष्ट्र ०.२५. बेरीज बरोबर २८ होते. सरदार सरोवरात आलेल्या पाण्याला बाहेर पडण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक मुख्य कालव्याचा. तो सौराष्ट्र, कच्छ आणि राजस्थानकडे पाणी नेतो. अहमदाबादेत साबरमतीच्या पात्रात आज जे पाणी भरलेले दिसते तेही याच कालव्याने आलेले नर्मदेचे पाणी होय. दुसरा मार्ग नदीपात्रातील भूमिगत वीजगृहाचा. तेथे २०० मेगावॅटचे सहा संच आहेत आणि त्यांतून गेलेले पाणी नदीत पडते. पूर असेल तेव्हा सांडव्याचे दरवाजे हा तिसरा मार्ग.

येथे एक बारकावा आहे, आणि त्यावरून पुढचे बरेच काही कळते. येथील विजेपैकी ५७ टक्के मध्य प्रदेशाची, २७ टक्के महाराष्ट्राची आणि १६ टक्के गुजरातची. कालव्याच्या मुखाशीही एक वीजगृह आहे, पण पाणी तेथे थोड्या उंचीवरून पडते, म्हणून वीज कमी मिळते. म्हणजे जे पाणी नदीत जाते त्याची वीज मुख्यतः मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांना, आणि जे कालव्यात जाते त्याचे सिंचन मुख्यतः गुजरातला. २०१९ मध्ये मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्यात नदीपात्रातील वीजगृह चालविण्यावरून उघड वाद झाला तो यामुळेच. भरूचचा मच्छीमार या हिशेबात कोठेच नाही. त्याला पाणी मिळते ते दुसऱ्या कोणाला वीज हवी असते म्हणून.

आता खोलीचा प्रश्न. आपल्या जुन्या घरांतील तांब्याचा बंब आठवा. नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाते आणि तापलेले वर चढून वरच्या तोटीतून बाहेर येते. ऊन पाणी हलके आणि गार पाणी जड, एवढाच त्यातला सिद्धान्त. खोल जलाशयात उन्हाळ्यात हेच घडते. पृष्ठभागाचे पाणी उन्हाने तापते, वाऱ्याने ढवळले जाते आणि हवेतील प्राणवायू घेत राहते. त्याखाली तापमान झपाट्याने उतरणारा एक पट्टा असतो आणि त्याच्याही खाली गार, काळोखे, निश्चल पाणी. आपल्या प्रदेशात वरच्या आणि खालच्या पाण्यातील फरक थंड देशांतल्याइतका मोठा नसतो. पण पाणी जितके उष्ण, तितकी तापमानाबरोबर त्याची घनता अधिक वेगाने बदलते. म्हणून थोड्या अंशांचा फरकही दोन थर एकमेकांपासून तोडावयास पुरतो. खालच्या थरात बुडालेली झाडे, पालापाचोळा, पुराबरोबर आलेला गाळ कुजत असतो. कुजविणारे जंतू तेथला प्राणवायू संपवितात, आणि तो भरून काढणारी हवा तेथे पोहोचत नाही. प्राणवायू संपला की तळच्या गाळातील लोह आणि मँगनीज पाण्यात उतरू लागतात. पुढे पुढे सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो.

धरण म्हणजे तोटी खाली बसविलेला बंब. सरदार सरोवरात पाणी घेण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. त्या पातळीपर्यंत वीजगृह चालले पाहिजे, तर पाणी घेण्याची मुखे त्याखाली असलीच पाहिजेत. म्हणजे जलाशय काठोकाठ भरलेला असताना टर्बाइनांत जाणारे पाणी पृष्ठभागापासून २८ मीटरहूनही खोलवरचे असते. ते कोणत्या थरातले, हे ऋतूवर आणि जलाशयाच्या त्या दिवशीच्या पातळीवर ठरते. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन खाली बसते आणि थर मोडतात; पावसाळ्यातील लोंढेही ते ढवळून टाकतात. काळजीचा काळ चैत्रापासून मृगापर्यंतचा. नेमका तोच नदीत दुसरे पाणी नसण्याचा काळ असतो.

प्राणवायू कमी म्हणजे किती कमी, याचे माप ध्यानात असू द्यावे. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; ३० अंशांना साडेसात. पाच मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक मासे अस्वस्थ होतात, दोनच्या खाली थोडेच तग धरतात. अशा पाण्याचा प्रवाह टर्बाइनखाली आला तर पुढील कित्येक किलोमीटर, खडकांवर आपटून पुन्हा हवा घेईपर्यंत, मासे तेथून निघून जातात. जे निघू शकत नाहीत ते मरतात. अमेरिकेतील टेनेसी नदीच्या खोऱ्यात १९३० च्या दशकापासून अशी धरणे झाली आणि त्यांच्या खालच्या नद्या अनेक वर्षे या प्राणवायूच्या तुटीने पीडित होत्या.

तापमानाचेही तसेच. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन धरण १९६३ मध्ये भरू लागले. त्यापूर्वी ग्रँड कॅनियनमधून वाहणारे पाणी उन्हाळ्यात २५ अंशांच्या वर जाई. धरणानंतर ते बारमाही आठ-दहा अंशांवर आले. पाणी काचेसारखे नितळ झाले, पाहणाऱ्याला सुंदर वाटावे असे. परंतु हंपबॅक चब नावाच्या तेथील मूळच्या माशाला अंडी घालण्यास निदान १६ अंशांची ऊब लागते. मुख्य प्रवाहात त्याची वीण जवळजवळ थांबली आणि तो एका उपनदीच्या आश्रयाने उरला. नितळ पाणी म्हणजे चांगले पाणी, हा आपला समज माशांना लागू पडत नाही.

आता वेळेचा प्रश्न घेतो. जलविद्युतीचा मोठा गुण असा की ती बटण दाबताच मिळते आणि बटण दाबताच थांबते. म्हणून संध्याकाळी मागणी वाढली की संच सुरू करावयाचे आणि मध्यरात्री बंद करावयाचे, अशी पद्धत सर्वत्र आहे. सरदार सरोवरातील एक संच पूर्ण भाराने चालला तर, १०० मीटरच्या आसपासची पाण्याची उंची धरून, दर सेकंदाला सात-आठ हजार घनफूट म्हणजे तितके क्युसेक पाणी लागते. सहाही संच चालले तर चाळीस हजारांहून अधिक. त्याउलट, वीजगृह बंद असताना धरणाखाली सोडावयाचे किमान पाणी कित्येक वर्षे ६०० क्युसेक ठरलेले होते. ते गोडबोले गेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दरवाजातून सोडले जाई. सहाशेवरून चाळीस हजारांवर आणि पुन्हा सहाशेवर, असा हा चढ-उतार काही तासांत होऊ शकतो. नैसर्गिक नदीत एवढा फरक पडावयास आषाढ उजाडावा लागतो.

पाणी असे वाढते तेव्हा मासे काठच्या उथळ पाण्यात, दगडांच्या खोबणीत चरावयास जातात. ते एकदम उतरले की डबक्यांत अडकतात. काठच्या वाळूत आणि पाणवनस्पतींवर घातलेली अंडी उघडी पडून सुकतात. अंडी उबण्याच्या दोनतीन दिवसांत एकदा जरी असे झाले तरी त्या वर्षीची वीण गेली. आणि हे माणसांनाही भोगावे लागते. ७ एप्रिल २००५ रोजी भुतडी अमावास्येला मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात धाराजी येथे नर्मदास्नानासाठी हजारो भाविक पात्रात उतरले होते. वरच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी रात्री अचानक आले आणि साठांहून अधिक माणसे गेली. धरण फुटले नव्हते, पाऊस नव्हता, यंत्रात बिघाड नव्हता. संच नेहमीप्रमाणे चालू केले गेले होते.

सरदार सरोवराखाली सुमारे १२ किलोमीटरवर गरुडेश्वरचा बंधारा बांधण्यात आला आहे. संचांतून आलेले पाणी तेथे अडवून रात्री, वीज स्वस्त असताना, उलट वर चढवावयाचे, हा त्याचा मूळ हेतू. असा बंधारा चढ-उतार पचवून खाली एकसारखा प्रवाह सोडावयास उत्तम साधन ठरू शकतो. परंतु त्यातले पाणी पुन्हा वर न्यावयाचे ठरले तर खाली जावयाचे ते पाणीही तेथेच थांबेल. तोच दगड-काँक्रीट, तेच दरवाजे. नदीला तारावयाचे की अडवावयाचे हे सर्वस्वी चालविणाऱ्याच्या हाती.

आणि आता तो ६०० चा आकडा. कागदावर तो लहान दिसत नाही. वर्षभर ६०० क्युसेक सोडले तर ०.४३ दशलक्ष एकर-फूट पाणी होते. लवादाने वाटलेल्या २८ च्या मानाने दीड टक्का. परंतु भरूचला नर्मदा वाहते कशी, ते पाहा. १८८१ सालचा गोल्डन ब्रिज सुमारे १४०० मीटर लांब आहे, यावरून पात्राच्या रुंदीची कल्पना येते. ६०० क्युसेक म्हणजे सेकंदाला १७ घनमीटर. एक किलोमीटर रुंद आणि सरासरी एक मीटर खोल पात्रात एवढे पाणी सोडले तर ते तासाला साठ मीटर पुढे सरकते. समोरून येते ते खंभातच्या आखाताचे भरतीचे पाणी. या आखातात भावनगरला भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरपर्यंत जातो. जगातील मोठ्या भरत्यांत त्याची गणना होते. दर साडेबारा तासांनी हा समुद्र नदीत शिरतो. पूर्वी नदी त्याला भरूचच्या बरेच खाली थोपवून धरी, आणि पावसाळ्यानंतर साठलेले क्षार पुढच्या पुरात धुऊन नेई. तासाला साठ मीटर सरकणारे पाणी कोणाला थोपविणार?

२०१७ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यात पाऊस अपुरा झाला. २०१८ च्या आरंभी जलाशयाची पातळी किमान पातळीखाली गेली आणि मृत साठ्यातील पाणी बोगद्यातून कालव्याला द्यावे लागले. नदीपात्रातील वीजगृह बंदच होते. त्या उन्हाळ्यात भरूचच्या आसपास नदी खारट झाली, काठच्या विहिरी-कूपनलिकांचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी झाल्या, ओहोटीच्या वेळी पात्र पायी ओलांडता येऊ लागले आणि मच्छीमारांनी व नागरिकांनी अधिक पाण्यासाठी आंदोलने केली. भरूच-अंकलेश्वरचा पट्टा औद्योगिक आहे. सांडपाणी रोज तेवढेच येते. त्यात मिसळणारे पाणी कमी झाले की त्याची तीव्रता वाढते. येथे कारखान्याने नवे काहीही सोडलेले नसताना नदी अधिक दूषित होते, आणि ते धरणाच्या दप्तरात कोठेही नोंदले जात नाही.

भरूच-भाडभूतच्या माशांपैकी एकाची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कोकणात आपण ज्याला पाला म्हणतो, बंगाल्यांचा जो इलिश, त्याला भरूचचे माछी लोक मोदार, चाक्सी अशा नावांनी ओळखतात. हा मासा समुद्रात वाढतो आणि वीण मात्र नदीच्या गोड्या पाण्यात करतो. पावसाळ्यात पूर समुद्रात उतरला की गोड्या, गढूळ पाण्याची ती लाट त्याला नदीमुखाशी बोलावते आणि तो थव्यांनी प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. मादी लाखांनी अंडी सोडते. अंड्यांतून निघालेली पिले प्रवाहाबरोबर वाहत खाडीत येतात आणि निमखाऱ्या पाण्यात काही महिने वाढून समुद्राला मिळतात. या माशाला नदीचा संपूर्ण क्रम लागतो. आषाढात पूर, तोही काही दिवस टिकणारा. श्रावण-भाद्रपदात विणीपुरते वाहते गोडे पाणी. त्यानंतर पिलांसाठी ना फार खारी ना फार गोडी अशी खाडी. यांतील एक कडी तुटली तरी बाकीच्या व्यर्थ. भाडभूतच्या मच्छीमारांचे वर्ष या दोनतीन महिन्यांच्या मासेमारीवर चालत आले आहे.

गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचा प्रवास नेमका उलटा असतो. ती नदीत वाढते आणि अंडी उबविण्यासाठी खाडीत उतरते, कारण तिची पिले निमखाऱ्या पाण्यावाचून जगत नाहीत. एक वर चढणारा, एक खाली उतरणारी; दोघांची गाठ त्याच खाडीत पडते.

भरणाऱ्या जलाशयाचे नियम या क्रमाच्या बरोबर विरुद्ध आहेत. जून-जुलैतील पहिले पाणी साठवावयाचे, कारण पुढचा पाऊस कसा पडेल याचा भरवसा नसतो. व्यवस्थापकाच्या बाजूने हे शहाणपणाचेच आहे. पण पाल्याला बोलावणारे पाणी हेच असते. ते अडले की खाली आषाढातही वैशाखच राहतो. मग जलाशय भरून आला की भाद्रपदात एकदम दरवाजे उघडतात. १६ आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली आणि सरदार सरोवरातून अठरा लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले. गोल्डन ब्रिजपाशी धोक्याची पातळी २४ फूट. त्या वेळी पाणी चाळीस फुटांच्या आसपास चढले. चांदोद, करनाळी, भरूच, अंकलेश्वर पाण्यात गेली. पाऊसच तसा होता, हे प्रशासनाचे म्हणणे होते. आधीपासून थोडे थोडे सोडले असते तर शिखर उतरले असते, हे टीकाकारांचे. मला दुसऱ्या म्हणण्यात तथ्य वाटते, परंतु भरलेल्या जलाशयाचा मोह आणि रिकाम्या जलाशयाची भीती ज्याने स्वतः अनुभवली नाही त्याने फार कठोर होऊ नये. माशांच्या दृष्टीने मात्र असा पूर उशिरा आलेला आणि अंगावर आलेला असतो. शिवाय मोठ्या उंचीवरून कोसळणारे पाणी हवा घेऊन खोल जाते, दाबाखाली नत्रवायू अतिरिक्त प्रमाणात विरघळतो आणि माशांच्या रक्तात बुडबुडे धरतात. कोलंबिया नदीवर याचा पुरता अभ्यास झालेला आहे.

गाळाविषयी थोडक्यात. नर्मदेचा समुद्राला मिळणारा गाळ धरणांच्या साखळीनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. गाळ जलाशयात राहतो, खाली येते ते उपाशी पाणी. ते काठ खाते आणि खाडीला खत देत नाही.

हे सारे नर्मदेतच प्रथम घडले असे नाही. कावेरीवर १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण झाले आणि त्या नदीतील पाल्याची मासेमारी बुडाली. गंगेत हा मासा अलाहाबादच्याही पुढे जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या गंगेत तो दुर्मीळ झाला. फराक्का हे उंच धरणही नव्हे. माशांसाठी शिड्या बांधाव्यात, असे म्हणणारे बहुधा सामन माशाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवतात. सामन उड्या मारत चढतो. पाला उडी मारत नाही. त्याला रुंद, एकसारखा, ओळखीचा प्रवाह हवा.

म्हणून भाडभूतची योजना मला चिंतेची वाटते. भरूचच्या खाली सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा, ९० दरवाजांचा बंधारा. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि २०२० नंतर काम हाती घेण्यात आले. खारे पाणी वर येऊ द्यावयाचे नाही आणि गोडे पाणी साठवावयाचे, हा हेतू. भरूचच्या नागरिकांना गोडे पाणी मिळेल, काठ वाचतील. हे लाभ खरे आहेत. माशांसाठी मार्गही त्यात ठेवला आहे. परंतु ज्या निमखाऱ्या पट्ट्यात पाल्याची पिले आणि कोळंबीची पिले वाढतात, तो पट्टाच या दरवाजांनी दोन भागांत तुटेल : वर गोडा तलाव, खाली समुद्र. वरच्या धरणाने पाणी कमी सोडले म्हणून खारटपणा आला, आणि त्यावर उपाय म्हणून दुसरे धरण. दरवाजे पावसाळ्यात केव्हा आणि किती काळ उघडे राहतील, यावर येथेही सर्व काही अवलंबून राहील.

वेळापत्रक बदलून काही साधते काय, असा प्रश्न कोणी विचारील. साधल्याची उदाहरणे आहेत. टेनेसी खोऱ्यात १९९० च्या दशकात टर्बाइनांतूनच हवा ओढून घेण्याची सोय केली, काही जलाशयांच्या तळाशी नळ्या टाकून प्राणवायू सोडला, किमान प्रवाह ठरविला, आणि खालच्या नद्यांत मासे परतले. ग्लेन कॅनियनखाली १९९१ पासून रोजच्या चढ-उतारावर मर्यादा घातली गेली आणि १९९६ च्या वसंतात सात दिवस ४५ हजार क्युसेकचा मुद्दाम पूर सोडून वाळूचे काठ पुन्हा घडविण्याचा प्रयोग झाला. त्यानंतर असे पूर अनेकदा सोडले गेले. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सर्व नद्यांत कोरड्या काळातील सरासरीच्या १५ ते २० टक्के प्रवाह राखावा असे सांगितले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी अधिसूचना निघाली : कोरड्या ऋतूत मासिक सरासरीच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. महिन्यागणिक वेगळा आकडा असावा, हे तीत मान्य झाले. वर्षभर एकच ६०० पेक्षा ही पुष्कळ पुढची पायरी होय.

नर्मदेसाठी मोल काय पडेल, याचा ढोबळ हिशेब मी करून पाहिला. समजा, कोरड्या आठ महिन्यांत ६०० ऐवजी ३,००० क्युसेक सोडले. जादा लागणारे पाणी सुमारे १.१६ दशलक्ष एकर-फूट. २८ च्या मानाने चार टक्के, परंतु ते सर्व गुजरातच्या वाट्यातून घ्यावयाचे तर त्या वाट्याचे तेरा टक्के. कच्छच्या शेतकऱ्याला हे जाचेल, आणि त्याचे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. हे पाणी टर्बाइनांतून गेल्यास त्याची वीज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांना मिळेल. तेव्हा पाण्याचा भार त्यांनीही उचलावा, हे न्यायाचे होईल. ३,००० हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे. खरा आकडा भरूचच्या क्षारतेचे आणि प्राणवायूचे मोजमाप केल्यावर ठरेल. आणि काही गोष्टींना तर जादा पाणीही लागत नाही. संच एकदम सुरू वा बंद न करता टप्प्याटप्प्याने करणे, आषाढातील आलेल्या पाण्यापैकी थोडे पाल्यासाठी चार-सहा दिवस सलग जाऊ देणे, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या वेळी गोडे पाणी खाली पोहोचेल असा मेळ घालणे, हे बहुतांशी वेळेचे काम आहे.

शेवटी मोजमापाविषयी एक सूचना करतो. धरणाची पातळी आणि विसर्ग यांचे आकडे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत येतात. पाण्यातील प्राणवायूचा आकडा तेथे आपण कधी वाचत नाही. तो काढण्याची विंकलरची रीत १८८८ पासून उपलब्ध आहे आणि तिला लागणारी रसायने उच्च माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत सहज ठेवता येतात. काचेची बाटली बुडबुडा न राहता नदीच्या पाण्याने भरावयाची. तीरावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइड घालावयाचे. साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. पुढचे अनुमापन आम्ल, थायोसल्फेट आणि स्टार्च घेऊन शाळेत करता येते. माजी विद्यार्थी संघाने खर्च उचलल्यास नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा गरुडेश्वर आणि चांदोद येथील नमुने आणावेत, पाण्याचे तापमान, वेळ आणि त्या दिवशीचा विसर्ग वहीत लिहावा, आणि पहिली वही चैत्रात सुरू करावी. पावसाळ्यापूर्वीचे ते दोन महिने पाहण्याजोगे आहेत.